ओल, निसरडे आणि वेध

(उज्जैन येथे मराठी लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



'नवे तंत्रज्ञान आणि मराठी' असा विषय मला देण्यात आला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर अर्ध्या तासात बोलायचे तर बहुधा सामान्य विधानेच हाती लागतात, आणि ती आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी एकच लहानसे यंत्र निवडले आहे. फरशी ओली आहे की कोरडी, हे रोबोला सांगणारा रडार संवेदक. रुग्णालये, विमानतळ, मोठी गोदामे अशा ठिकाणी आता फरशी पुसणारे आणि सामान वाहून नेणारे रोबो फिरू लागले आहेत. ओल्या फरशीवर त्यांची चाके घसरतात, थांबायला जास्त अंतर लागते, आणि जवळून माणूस जात असेल तर त्यालाही धोका होतो. ही ओल आधीच कळावी म्हणून संशोधक रडारचा उपयोग करू पाहत आहेत.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने यावर का बोलावे, असे कुणाच्या मनात आले असेल तर ते रास्त आहे. माझे उत्तर असे, की या यंत्राची निम्मी अडचण भौतिकशास्त्राची आहे आणि निम्मी भाषेची. 'ओले' म्हणजे काय, हे यंत्राला आधी कुणीतरी शिकवावे लागते. तो धडा कोणत्या भाषेत तयार होतो, यावर ते यंत्र काय पाहील आणि काय सोडून देईल हे ठरते.

सुरुवात आपल्या गावापासून करू. उज्जैनला वेधाची परंपरा आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. पुढे ती मोडकळीस आली. १९२३ साली महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, भित्ती यंत्र, दिगंश यंत्र ही सगळी दगडाविटांची यंत्रे. ती काही बोलत नाहीत, त्यांवर सावली पडते आणि सावलीचा अर्थ माणूस लावतो. 'वेध' हा शब्द मराठीत किती अंगांनी वापरला जातो पाहा. ग्रहाचा वेध घेतात, ग्रहणाचे वेध पाळतात, पंढरीचे वेध लागतात, नेमबाज लक्ष्याचा वेध करतो. दूरच्या वस्तूकडे डोळे लावून तिचे ठिकाण नक्की करणे, हा या सर्वांतला समान धागा आहे. रडार दुसरे काय करतो?

'रडार' हा इंग्रजीतल्या चार शब्दांची आद्याक्षरे जोडून केलेला शब्द. अमेरिकी नौदलाने तो १९४० च्या सुमारास रूढ केला. रेडिओ लहरी सोडायच्या, त्या वस्तूवर आपटून परत येतात, येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे अंतर काढायचे, एवढी ती कल्पना. पण तिची पूर्वपीठिका भारतातही आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत मजल मारली होती. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा एक तपशील सांगतो. या लहरींची कंपने एका प्रतलात आणण्यासाठी बोसांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक वापरले होते. त्याच्या पानांमध्ये त्यांनी कथिलाच्या पातळ पत्र्यांची पाने घातली होती. पुस्तकाचा असा उपयोग आपल्यापैकी कुणी केला नसेल! आज रोबोवर बसवले जाणारे छोटे रडार ६० किंवा ७७ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे त्यांच्या लहरींची लांबी पाच किंवा सुमारे चार मिलिमीटर असते. बोसांच्या प्रयोगशाळेतले माप सव्वाशे वर्षांनी नखाएवढ्या चिपवर येऊन बसले आहे.

आता प्रश्न असा, की कॅमेरा असताना रडार कशाला? याचे उत्तर आपण रोज पाहतो. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडले की ते दिसत नाही, त्यात वरचा दिवा दिसतो. कॅमेऱ्याला दिवा दिसतो, पाणी नाही. लेसरच्या झोताने अंतर मोजणाऱ्या उपकरणाची त्याहून अधिक फसगत होते. झोत पाण्यावरून आरशासारखा दुसरीकडे निघून जातो. मग उपकरणाला तिथे काहीच नाही असे वाटते, किंवा छताचे प्रतिबिंब फरशीच्या खाली असल्याचे वाटते, जणू समोर खड्डाच आहे. अंधारात, धुरात, वाफेत कॅमेऱ्याची अडचण वाढते. रडारला दिवा लागत नाही आणि धूर आडवा येत नाही.

रडारला पाणी कळते ते पाण्याच्या एका स्वभावामुळे. विद्युतक्षेत्रात ठेवल्यावर एखादा पदार्थ त्याला किती प्रतिसाद देतो, हे सांगणारा एक अंक असतो. हवेचा अंक १ धरला तर कोरडा दगड, कोरडी माती यांचा साधारण ३ ते ८ च्या घरात येतो. पाण्याचा अंक नेहमीच्या तापमानाला ८० च्या आसपास असतो. रोबो वापरतात त्या अतिशय जलद कंपनांना तो बराच खाली उतरतो, पण त्याच वेळी पाणी लहरींची शक्ती शोषूनही घेते. एकूण काय, कोरड्या फरशीवरून येणारा प्रतिध्वनी आणि ओल्या फरशीवरून येणारा प्रतिध्वनी यांत फरक पडतो. तो फरक मोजायचा आणि त्यावरून ओल ओळखायची.

इथपर्यंत सरळ आहे. पुढे एक गंमत आहे आणि तिच्यासाठी आपल्याला फरशी सोडून थोडे उंच जावे लागेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'निसार' हा उपग्रह सोडण्यात आला. नासा आणि इस्रो यांनी तो मिळून बांधला. त्यावर दोन रडार आहेत, एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, दुसऱ्याची सुमारे ९ सेंटिमीटरची. दर बारा दिवसांनी तो पृथ्वीच्या त्याच भागावर परत येतो. त्याच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे जमिनीतली ओल मोजणे. आता रडारच्या चित्रात ओली जमीन कशी दिसते? नांगरलेल्या खडबडीत जमिनीत ओल वाढली की ती उजळ दिसते, कारण प्रतिध्वनी वाढतो. आणि त्याच शेतात पाणी साचून संथ तळे झाले तर? तेव्हा ती जागा काळी दिसते, कारण तिरपी येणारी लहर पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून पलीकडे निघून जाते, परत येतच नाही. पूर आला की उपग्रहाच्या चित्रात पुराचे पाणी काळे उमटते ते यामुळेच. म्हणजे ओल उजळ आणि पाणी काळे. यंत्राला 'पाणी आहे का' असे विचारून भागत नाही. पाणी कसे आहे, मुरलेले की साचलेले, हे विचारावे लागते.

आणि इथे मला मराठीची आठवण होते. आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी केलेला आहे. 'ओल' म्हणजे साचलेले पाणी नव्हे. भिंतीला ओल येते, जमिनीत ओल असते. पाणी साचले की त्याला डबके म्हणतो, थारोळे म्हणतो, जमीन तशीच राहिली तर पाणथळ म्हणतो. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. वाफसा म्हणजे जास्तीचे पाणी निचरून गेले आहे, मातीच्या कणांभोवती ओल आहे आणि पोकळीत हवाही आहे, अशी अवस्था. एका शब्दात केवढे शास्त्र! आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत तर हे फार महत्त्वाचे. ती भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते, मधले दिवस थोडेच मिळतात. सोयाबीनची पेरणी त्या थोड्या दिवसांत साधावी लागते. उपग्रह मातीतल्या पाण्याचे प्रमाण आकड्यात सांगेल. त्या आकड्याला वाफसा म्हणायचे की नाही, हे शेतकऱ्याच्या मुठीतली ढेप ठरवते.

'ओला' हा शब्द कुठून आला तेही पाहण्यासारखे आहे. संस्कृत 'आर्द्र' याची प्राकृतात 'अल्ल', 'उल्ल', 'ओल्ल' अशी रूपे झाली आणि त्यांतल्या 'ओल्ल'पासून आपला 'ओला' निघाला. म्हणजे 'ओला' आणि 'आर्द्रा नक्षत्र' ही सख्खी भावंडे आहेत. सूर्य आर्द्रा नक्षत्रात येतो तो २२ जूनच्या सुमारास. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्याने त्याच दिवसांत आपल्या वेधशाळेतल्या शंकूची सावली मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. आकाशाचा वेध आणि जमिनीची ओल यांचे पंचांग आपल्या पूर्वजांनी एकत्र बांधले होते. 'निसार'चे काम पाहिले की मला ती जुनी जोडणी नव्या रूपात परत आल्यासारखी वाटते.

या एका शब्दाचा विस्तार केवढा आहे! ओला कचरा, ओले खोबरे, ओली बाळंतीण, ओला दुष्काळ, ओलिताची शेती, ओलेत्याने केलेली पूजा, मनाचा ओलावा. शिवाय दमट, ओलसर, चिंब, निथळता, पाझरता, चिकचिक, राड, चिखल. घाटावर ओलेत्याने उभा असलेला माणूस आणि पावसात चिंब झालेला माणूस, दोघेही भिजलेलेच. पण मराठी माणूस त्यांच्यासाठी एकच शब्द वापरणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज बहुतेक यंत्रे उदाहरणांवरून शिकतात. फरशीचे हजारो प्रतिध्वनी नोंदवायचे आणि प्रत्येकावर माणसाने चिठ्ठी लावायची, ही ओली, ही कोरडी. यंत्र त्या चिठ्ठ्यांवरून नियम शोधते. चिठ्ठ्या दोनच असतील तर यंत्राचे जगही दोनच खान्यांचे होईल. परंतु घसरणारा पाय दोन खान्यांत बसत नाही. कुठे ओलसर सिमेंटवर पाय पक्का बसतो, आणि कुठे कोरड्या दिसणाऱ्या जागी माणूस आडवा होतो.

आपल्या गावातली दोन उदाहरणे घेऊ. त्रिवेणीच्या शनिमंदिरात शनैश्चरी अमावास्येला भाविक तेल वाहतात. त्या दिवशी फरशीवर तेल असते. आता तेलाचा तो अंक, जो पाण्याचा ८० आहे, तो केवळ २ ते ३ असतो. तेलाचा पातळ थर रडारला जवळजवळ दिसतच नाही. ओल शोधणारा आपला संवेदक निर्धास्तपणे सांगेल, फरशी कोरडी आहे. आणि एका अर्थी ते खरेच असेल, ओल तिथे नाहीच. दुसरे उदाहरण घाटाच्या पायऱ्यांचे. पायरीवर शेवाळ असेल तर थोडेसे पाणीही घात करते, आणि खडबडीत पायरीवरून भरपूर पाणी वाहत असले तरी माणूस सहज उतरून जातो. पाण्याच्या मापावरून धोक्याचे माप निघत नाही.

या धोक्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, 'निसरडे'. 'ओले' हे फरशीचे वर्णन आहे. 'निसरडे' म्हणताना मात्र फरशी आणि पाय दोन्ही लागतात. ज्यावर कुणी चालतच नाही ते निसरडे कसे असेल? त्यातही छटा आहेत. शेवाळाने बुळबुळीत, साबणाने गुळगुळीत, तेलाने तेलकट, पिठाने किंवा रांगोळीने सरकते. रडार ओल मोजतो, आपल्याला हवी असते निसरडेपणाची सूचना. या दोहोंमधले अंतर भरून काढायचे तर चाक किती घसरले याची नोंद, कॅमेऱ्याचे चित्र, जागेची माहिती असे पुष्कळ काही जोडावे लागते. अभियंते ते करतीलच. पण आपण नक्की काय शोधतो आहोत, हे त्यांना स्पष्ट सांगणारा शब्द भाषेने आधीच तयार ठेवला आहे. तो त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम कुणाचे?

हे शब्दांचे खेळ नाहीत. उज्जैनसारख्या गावात पाय घसरणे ही साधी गोष्ट नसते. १५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्येला महाकाल मंदिरात चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविकांचे प्राण गेले. अशा दुर्घटनेला एक कारण कधीच नसते आणि मी इथे कारणमीमांसा करत नाही. पण दाट गर्दीत एक माणूस पडला तर मागच्यांचे काय होते, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही. २०२८ साली पुन्हा सिंहस्थ आहे. त्या वेळी घाटांवर आणि मार्गांवर तऱ्हेतऱ्हेची यंत्रे आणि संवेदक असणार. त्यांची सूचना पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत यावी, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

सूचनेच्या भाषेबद्दलही दोन शब्द बोलतो. मॉलमध्ये, इस्पितळात ती पिवळी दुघडी पाटी आपण पाहतो, घसरणाऱ्या माणसाचे चित्र आणि 'कॉशन वेट फ्लोअर'. हिंदीत 'सावधान, फर्श गीला है' असे लिहितात. त्याचे मराठी करताना आपण सरळ 'सावधान' ठेवतो. मराठी माणसाला 'सावधान' ऐकले की मंगलाष्टके तरी आठवतात किंवा शाळेतली कवायत! घरात आई काय म्हणते? 'जपून रे, निसरडे आहे.' 'जपून' या शब्दात धोक्याची सूचना आहे आणि काळजीही आहे. त्यात धाक नाही. बोलणाऱ्या यंत्राला पहिला शब्द शिकवायचा झाला तर मी हा शिकवीन.

आणखी एक शब्द या चर्चेत टाळता येणार नाही, तो म्हणजे 'रोबो'. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून हा शब्द जगभर गेला, आणि तो सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'वेठ'. 'यंत्रमानव' हे भाषांतर सुबक आहे, पण त्यात वेठ हरवली. चापेकने दाखवलेला प्रश्न हाच होता, की वेठ कुणावर घालायची. फरशी पुसण्याचे काम आजवर कुणी केले, कोणत्या मोबदल्यात केले आणि आपण त्यांच्याकडे किती पाहिले, हा प्रश्न फरशी पुसणाऱ्या रोबोसमोर उभे राहिल्यावर आपल्याला पडायला हवा. वाकून वाकून पाठ दुखवणारे काम यंत्राने उचलले तर मला आनंदच आहे. मात्र त्या कामातले ज्ञान ज्या हातांत आहे त्यांना बाजूला सारून ते होऊ नये. कोणती फरशी लवकर वाळते, कोणत्या कोपऱ्यात सकाळी दव धरते, फिनाईल जास्त झाले की कुठे घसरायला होते, हे सफाई करणाऱ्या बाईला ठाऊक असते. यंत्राला चिठ्ठ्या लावायला तिच्याहून योग्य शिक्षिका कोण मिळेल? मग त्या शिकवणीचा मोबदलाही तिला मिळाला पाहिजे.

परिभाषेबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्यातून परिभाषाकोशांचे मोठे काम उभे राहिले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. 'संवेदक' हा शब्द मी आज सुखाने वापरला तो अशाच प्रयत्नांमुळे. 'रडार' मात्र तसाच राहू द्यावा. तो आता रेल्वे, स्टेशन यांच्याइतका आपला झाला आहे. (त्याचा भाऊ 'सोनार' मराठीत आला की थोडी पंचाईत होते, दागिने घडवणारा गृहस्थ पाण्याखाली कसा गेला असे वाटते!) यंत्रांची नावे उसनी आली तरी भाषेचे फारसे बिघडत नाही. पण ओले, ओलसर, निसरडे, बुळबुळीत ही विशेषणे आणि मुरणे, झिरपणे, निथळणे, साचणे ही क्रियापदे गेली, तर आपले पाहणेच कमी होईल. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत हे घडू लागले आहे. मुले 'फर्श गीली आहे' म्हणतात. हिंदी आपली शेजारीण आहे, तिच्याशी भांडण नाही. पण एका 'गीली'ने सात शब्दांची जागा घेतली तर सहा शब्दांबरोबर सहा जाणिवा जातात.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवून थांबतो. येत्या पावसाळ्यात, आर्द्रा लागल्यापासून, प्रत्येकाने ओलीचे शब्द गोळा करावेत. आजीकडून, शेतकऱ्याकडून, घाटावरच्या नावाड्याकडून, इमारतीला पाणी मारणाऱ्या गवंड्याकडून, फरशी पुसणाऱ्या मावशींकडून. मराठी घेऊन यायचीच, माळवीही घ्यावी, कारण माळवी आणि मराठी इथे तीन शतके शेजारी नांदल्या आहेत. शब्दाबरोबर तीन गोष्टी लिहून घ्या: पृष्ठभाग कोणता, पाणी किंवा आणखी काय आहे, आणि त्यावर पाय ठेवला तर काय होते. भाषेच्या विद्यार्थ्याला तो शब्दसंग्रह होईल. आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मित्राला तो तसाच नेऊन दिलात, तर त्याला आपल्या यंत्रासाठी दोनऐवजी पंधरा चिठ्ठ्या मिळतील. साहित्य आणि विज्ञान यांच्यातला संवाद व्हावा असे आपण नेहमी म्हणतो. तो एवढ्या लहान, उपयोगी कामातून सुरू करता येईल.

 बाहेर पाऊस झाला आहे आणि सभागृहाच्या पायऱ्या गुळगुळीत आहेत. जाताना जपून उतरा.